गाडीतळ : रामघाटाच्या निमित्ताने मालमोटारींच्या मुक्कामाचा एक अभ्यास

'गाडीतळ' हा शब्द आता बहुधा पत्त्यातच उरला आहे. पुण्याजवळ हडपसरला गाडीतळ नावाचा बसथांबा आहे. पण तेथे उतरणाऱ्या किती जणांच्या मनात हा तळ कोणत्या गाड्यांचा असा प्रश्न येत असेल? बाजारासाठी माल घेऊन आलेल्या बैलगाड्या गावाच्या कडेला जेथे सोडल्या जात, बैलांना वैरणपाणी मिळे आणि गाडीवान रात्रीचा मुक्काम करी, तो गाडीतळ. गावाला माल हवा असेल तर माल आणणाऱ्याला टेकण्यापुरती जागा गावानेच द्यावी, एवढा साधा व्यवहार त्या शब्दामागे होता. पुढे बैलगाडीची जागा मालमोटारीने घेतली. मालमोटार बैलगाडीच्या कितीतरी पट माल आणते, मात्र तिच्या तळाची व्यवस्था बहुतेक शहरांनी केली नाही.

शहरातील किंवा शहरालगतची एखादी मोकळी जागा भाड्याने घेऊन तेथे ट्रकसाठी सुरक्षित तळ कसा उभारता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी उज्जैन आणि तेथील रामघाट घेतला आहे. घाटावर ट्रक येत नाही आणि येऊही नये, परंतु घाटावरचे सारे जीवन ट्रकवर चालते. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप तेथे जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसेल. वाणिज्य, अर्थशास्त्र आणि भूगोल या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना या प्रश्नात काही ना काही सापडेल असे वाटते.

१. उज्जैन : वाटेवरचे शहर

उज्जैन तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे, तसेच ते फार जुने व्यापारी केंद्रही आहे. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात उज्जयिनीचा उल्लेख 'ओझीन' असा येतो. येथून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि कापड भडोच बंदराकडे जात असे, असे त्यात नमूद आहे. बंदर शेकडो मैल दूर होते. एवढ्या अंतरावर माल न्यायचा तर वाटेवर ठिकठिकाणी तांड्यांचे मुक्काम असणार हे उघड आहे. व्यापाराचा इतिहास आपण राजधान्या आणि बंदरे यांच्या नावांनी शिकतो, पण तो व्यापार चालत असे तो मुक्कामांच्या आधारावर.

मराठी वाचकाला उज्जैन परके नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांच्या काळात त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत शिंद्यांचा कारभार येथूनच चाले. शहरातले गोपाळमंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी बांधविले. गोपाळमंदिर, पटनी बाजार, महाकालाचा परिसर आणि शिप्रेकाठचा रामघाट हा सारा भाग माणसांच्या, पालख्यांच्या आणि फार तर बैलगाड्यांच्या मापाने वसलेला आहे. बारा मीटर लांबीच्या मालमोटारीला तेथे वळणसुद्धा घेता येत नाही.

माल मात्र येतच असतो. नारळ, फुले, तूप, धान्य, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या आणि मंडपाचे बांबू हे सारे शहराच्या वेशीपर्यंत मोठ्या ट्रकने येते आणि पुढे छोट्या टेम्पोने आत जाते. शिवाय उज्जैन ही गहू आणि सोयाबीन यांची मोठी बाजारपेठ आहे. आगर रस्त्यावरच्या कृषी उपज मंडीत हंगामात धान्याची मोठी आवक असते. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक' या संकुलाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून यात्रेकरूंची संख्या पुष्कळ वाढली आणि तिच्याबरोबर मालाची मागणीही वाढली. म्हणजे एकीकडे ट्रक वाढत आहेत आणि दुसरीकडे त्यांना शहरात उभे राहण्याची मुभा कमी होत आहे. दिवसा प्रवेशबंदी असली की पहाटे पोहोचलेल्या चालकाला रात्र होईपर्यंत कोठेतरी थांबावेच लागते. कोठे थांबावे, हाच प्रश्न आहे.

२. रस्त्यावर उभ्या ट्रकची किंमत

तळ नसला म्हणजे ट्रक रस्त्याच्या कडेला, पेट्रोल पंपाच्या आवारात किंवा ढाब्यासमोर उभा राहतो. वरवर पाहता हे फुकट आहे. प्रत्यक्षात त्याची किंमत तिघांना मोजावी लागते.

पहिली किंमत चालकाची. अंधाऱ्या रस्त्यावर उभ्या ट्रकमधून डिझेल काढले जाते, बॅटरी किंवा स्टेपनी चोरीस जाते, ताडपत्रीचा दोर कापून पोती उतरवली जातात. या भीतीने चालक आणि क्लीनर आलटून पालटून जागतात, अथवा दोघेही अर्धवट झोपतात. सकाळी तोच चालक पंधरा-वीस टन माल घेऊन रस्त्यावर येतो. दुसरी किंमत ट्रकमालकाची. चोरी झालेल्या मालाबद्दल वाहतूकदाराला जबाबदार धरले जाते. त्याच्याकडे एकच ट्रक असेल आणि तोही बँकेच्या कर्जावर घेतलेला, तर अशी एक रात्र अनेक महिन्यांची कमाई घेऊन जाते. तिसरी किंमत इतर सर्वांची. दिव्यांविना रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकवर मागून मोटारसायकल आदळल्याची बातमी कोणत्याही महामार्गालगतच्या गावाला नवी नसते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे करता येत नाही. त्याच कायद्याचे कलम ११७ वाहने उभी करण्याच्या आणि थांबण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार शासनास देते. पहिल्या कलमाची अंमलबजावणी दंडाच्या पावतीने होते. दुसऱ्या कलमासाठी जमीन लागते. म्हणून पहिले कलम चालकाला पाठ असते आणि दुसरे कोणाच्या फारसे लक्षात नसते.

चालकाच्या विश्रांतीविषयीही असेच घडले. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. कामगारांना रात्रीचा मुक्काम करावा लागतो तेथे विश्रांतिगृह असावे, असेही त्यात होते. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांना लागू होता. एक-दोन ट्रक असलेला मालक त्याच्या कक्षेबाहेरच राहिला, आणि आपल्या देशात असे छोटे मालकच फार आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा कामगारांच्या सुरक्षितता व आरोग्याविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली. आठ तासांचा दिवस तिच्यातही आहे. मात्र संहितेने तास ठरवले तरी चालकाची पाठ टेकायला जागा ती निर्माण करीत नाही.

३. जागेची निवड

आता आपण एक साधे उदाहरण घेऊ. शहराच्या कडेला, वळणरस्त्याजवळ एका कुटुंबाची एक एकर जागा पडून आहे. शेती परवडत नाही, बांधकामाला भांडवल नाही आणि जमीन विकायचीही नाही. अशी जागा तळासाठी योग्य आहे का, हे ठरविताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे जागेपर्यंतचा रस्ता. ट्रकला आत येण्यासाठी निवासी गल्लीतून यावे लागत असेल तर तो तळ फार दिवस टिकणार नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतील आणि त्या रास्तच असतील. फाटक रस्त्यापासून निदान एका ट्रकच्या लांबीइतके आत असावे. नाहीतर नोंदणीसाठी थांबलेला ट्रक रस्ताच अडवील.

दुसरी गोष्ट जमीन. माळव्याची माती काळी आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भरलेला ट्रक तिच्यावर उभा केला तर पहिल्याच पावसात चाके रुततात. ५ मे २०१६ रोजी सिंहस्थ मेळ्यात वादळी पाऊस झाला, मंडप कोसळून जीवितहानी झाली आणि मैदानात चिखल झाला, हे अनेकांना आठवत असेल. म्हणून वरचा मातीचा थर काढून मुरूम आणि खडी टाकून, रोलर फिरवून जमीन पक्की करणे हा तळाचा पहिला खर्च आहे. भिंत नंतर बांधता येते, पण मुरूम आधीच टाकावा लागतो.

तिसरी गोष्ट पाणी. शिप्रेला पूर आला की रामघाटावरची मंदिरे पाण्यात जातात. नदीकाठची जागा स्वस्तात मिळते, त्याचे कारण बहुधा हेच असते. पूररेषेच्या आत ट्रकतळ करणे म्हणजे दुसऱ्याचा माल पुराच्या हवाली करणे होय. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी हलका उतार आणि कडेने गटार असावे. डिझेल आणि तेल मिसळलेले पाणी थेट नदीत जाऊ नये म्हणून गटाराच्या शेवटी तेल अडविणारा हौद असावा.

चौथी गोष्ट परवानगी. शहराच्या विकास योजनेत ती जागा कोणत्या वापरासाठी दाखविली आहे, जमीन शेतीची असल्यास बिनशेती वापराविषयी त्या राज्याचा नियम काय आहे (मध्य प्रदेशात यास 'डायव्हर्शन' म्हणतात), हे एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी तहसील कचेरीत आणि नगरपालिकेत पाहून घ्यावे.

४. मांडणी आणि मोजमाप

साधा, म्हणजे न जोडलेला ट्रक कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त १२ मीटर लांब आणि २.६ मीटर रुंद असतो. दरवाजा उघडता यावा आणि दोन ट्रकांमधून माणूस जाता यावा म्हणून एका ट्रकसाठी ४ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब जागा धरू. समोरासमोर दोन ओळी आणि मध्ये वळण्यासाठी १५ मीटरचा मार्ग अशी रचना केली, तर समोरासमोरच्या दोन ट्रकना मिळून ४ × ४५ = १८० चौरस मीटर जागा लागते.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यातला चौथा हिस्सा फाटक, चौकी, संडास-न्हाणीघर, गटार आणि झाडे यांसाठी सोडला, तर सुमारे ३,०३५ चौरस मीटर उरतात. त्यात सोळा जोड्या, म्हणजे ३२ ट्रक बसतात. लांब ट्रेलरसाठी हेच माप ४ × ६० = २४० धरले तर बारा जोड्या, म्हणजे २४ गाड्या बसतील. अर्थात जागेचा आकारही महत्त्वाचा आहे. एक एकराचा पट्टा जर २० मीटरच रुंद असेल, तर क्षेत्रफळ तेवढेच असूनही ही मांडणी तेथे होणार नाही. भूमितीचा हा धडा कागदावर ध्यानात येत नाही. जागेवर चुन्याच्या रेघा मारून आणि एक ट्रक प्रत्यक्ष वळवून पाहिल्यावर येतो.

झाडे ही हौस नव्हे. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये २०२५ पासून वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. पण उभ्या ट्रकमध्ये ते चालवायचे तर इंजिन चालू ठेवावे लागते, म्हणजे डिझेल जळते आणि शेजारच्याची झोप मोडते. जुन्या ट्रकमध्ये तर ती सोयही नाही. दिवसा झोपणाऱ्या चालकाला कडुनिंबाची सावली आजही उपयोगी आहे. जुन्या काळी मुक्कामाच्या जागी झाड आणि पाणी पाहत, ते उगीच नव्हे.

५. जमाखर्च

पुढील आकडे केवळ समजुतीसाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्येक गावचे दर वेगळे असतील. विद्यार्थ्यांनी आपल्या गावचे आकडे घालून हा हिशेब पुन्हा करून पाहावा.

समजा, एका रात्रीचे भाडे १५० रुपये ठेवले आणि ३२ पैकी सरासरी २० जागा भरल्या. रोजचे ३,००० आणि महिन्याचे ९०,००० रुपये आले. पाळीपाळीने काम करणारे चार राखणदार, प्रत्येकी १५,००० रुपये, म्हणजे ६०,००० रुपये. वीज, पाणी आणि सफाई यांचे १२,००० रुपये. उरले १८,००० रुपये. त्यातून जागामालकाचे भाडे, मुरमाचा आणि भिंतीचा खर्च फेडायचा. हे जमणे कठीण आहे.

आता दुसरी पद्धत पाहू. ३२ पैकी २० जागा स्थानिक ट्रकमालकांना आणि वाहतूक कंपन्यांना मासिक ४,००० रुपये भाड्याने ठरवून दिल्या. त्यांचे ८०,००० रुपये ट्रक आला न आला तरी ठरलेले. उरलेल्या १२ जागांपैकी रोज निम्म्या रात्रीच्या भाड्याने गेल्या तर ६ × १५० × ३० = २७,००० रुपये. चहा-जेवणाची टपरी आणि पंक्चरचे दुकान यांचे भाडे १०,००० रुपये. एकूण १,१७,००० रुपये. खर्च वजा जाता ४५,००० रुपये उरतात. वर्षाची उलाढाल १४ लाखांच्या आसपास जाते. ती २० लाखांपुढे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसतात. एक, तळ टिकतो तो मासिक भाडेकरूंवर, आणि वाटसरू ट्रकच्या भाड्याने वरखर्च निघतो. दोन, सर्वांत मोठा खर्च राखणदारांचा आहे. नफा वाढवायचा झाला की पहिला हात याच खर्चाला जातो. चारऐवजी दोन राखणदार ठेवले की महिन्याला ३०,००० रुपये वाचतात. पण असे करणारा मालक जी वस्तू विकतो आहे, तिचीच काटछाट करतो. उभे राहायला जागा रस्त्यावर फुकट मिळते. चालक पैसे देतो ते निर्धास्त झोपेसाठी.

६. करार : जागा देणे आणि सांभाळणे

येथे दोन वेगळे करार होतात. त्यांत गल्लत होऊ देऊ नये.

पहिला करार जागामालक आणि तळ चालविणारा यांच्यातील भाडेपट्ट्याचा. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. साध्या कागदावर पाच वर्षांचा करार करून त्यावर मुरमाचा खर्च करणे धोक्याचे आहे. मुदत किती, भाडे कधी व किती वाढेल, मुदत संपल्यावर भिंत आणि चौकी कोणाची, जमीन पूर्ववत कोणी करायची, एवढ्या बाबी तरी स्पष्ट असाव्यात.

दुसरा करार तळ चालविणारा आणि ट्रकवाला यांच्यातील. खरी मेख येथे आहे. चालक स्वतः ट्रकमध्ये झोपला आणि किल्ली त्याच्याच खिशात राहिली, तर त्याला फक्त जागा वापरण्याची परवानगी दिलेली असते. पण ट्रक आणि किल्ली दोन्ही तळावर सोपवून तो गावी गेला, तर व्यवहाराचे स्वरूप बदलते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ मध्ये यास 'निक्षेप' म्हटले आहे. दुसऱ्याची वस्तू राखणीसाठी ताब्यात घेणे असा त्याचा अर्थ. कलम १५१ प्रमाणे अशी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने शहाणा माणूस स्वतःची वस्तू जशी सांभाळील तशी ती सांभाळली पाहिजे.

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१९ चा एक निकाल अभ्यासण्यासारखा आहे. १९९८ मध्ये दिल्लीतील ताजमहाल हॉटेलमध्ये एका ग्राहकाने आपली मोटार किल्लीसह हॉटेलच्या माणसाकडे सोपविली आणि ती चोरीस गेली. पावतीवर 'जबाबदारी मालकाची' अशा अर्थाचा मजकूर छापलेला होता. न्यायालयाने ठरविले की, किल्लीसह वाहन ताब्यात घेतल्यावर हा निक्षेप होतो, आणि हॉटेलला आपल्या निष्काळजीपणाची जबाबदारी छापील वाक्याने टाळता येत नाही. ट्रकतळाच्या मालकाने यातून घ्यावयाचा बोध असा : भिंतीवर 'सामान स्वतःच्या जबाबदारीवर' असे रंगविल्याने तो मोकळा होत नाही. त्याने दोन प्रकारच्या पावत्या ठेवाव्यात, एक केवळ जागेची आणि दुसरी राखणीची. त्यांचे दर वेगळे असावेत, राखणीसाठी विमा घेतलेला असावा, आणि कोणती पावती दिली हे चालकाला त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावे. तामिळनाडूच्या किंवा पंजाबच्या चालकाला देवनागरी पाटी वाचता येईलच असे नाही.

७. सुरक्षा म्हणजे काय?

सुरक्षा म्हटली की उंच भिंत आणि कॅमेरे डोळ्यांसमोर येतात. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही नंतरच्या गोष्टी होत. पहिली गोष्ट एकच फाटक. येण्याजाण्याचा मार्ग एक असला म्हणजे एक माणूस त्यावर लक्ष ठेवू शकतो. दुसरी गोष्ट नोंदवही : गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, आल्याची वेळ, सीलची स्थिती आणि जाण्याची वेळ. आत येताना बिल्ला द्यावा आणि बिल्ला परत आल्याशिवाय गाडी बाहेर सोडू नये. तिसरी गोष्ट उजेड. दिवे ट्रकांच्या मधल्या गल्ल्यांत पडले पाहिजेत. केवळ फाटकावर झगमगाट असून भागत नाही. चौथी गोष्ट राखणदाराची फेरी, आणि ती केल्याची नोंद. कॅमेरा झालेली चोरी दाखवितो. फेरी मारणारा माणूस होणारी चोरी टाळू शकतो.

डिझेल, गॅस वा रसायने वाहणारे टँकर इतरांपासून अलग आणि फाटकाजवळ असावेत, म्हणजे प्रसंगी ते लवकर बाहेर काढता येतील. ट्रकखाली स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करण्याची चालकांची सवय असते. तिला केवळ बंदी घालून उपयोग नाही. वेगळी स्वयंपाकाची ओसरी बांधून द्यावी. संडास आणि न्हाणीघर स्वच्छ असावे, स्त्रियांसाठी वेगळे असावे. यांतले काहीही चैनीचे नाही. धर्मशाळा बांधणाऱ्यांनी विहीर आणि ओसरी यांचा विचार आधी केला होता.

८. सिंहस्थाचा धडा आणि महानगरांचा इशारा

दर बारा वर्षांनी उज्जैनला सिंहस्थ भरतो. २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे या काळात झाला. पुढचा २०२८ मध्ये आहे. मेळ्याचे क्षेत्र सुमारे तीन हजार हेक्टरांचे असते आणि त्यात शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर येतात. परंपरा अशी की, जमीन काही काळापुरती घ्यायची, मेळा संपला की शेतकऱ्याला परत करायची. वाहनतळही याच रीतीने उभे राहतात आणि उठतात. २०२५ मध्ये या क्षेत्रातील जमीन एकत्र करून तेथे कायमचा विकास करण्याची योजना पुढे आली. शेतकऱ्यांनी तिला तीव्र विरोध केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती मागे घेत असल्याचे शासनाने जाहीर केले. शेतकऱ्याचा आग्रह समजण्यासारखा आहे. मेळ्यासाठी जमीन देण्यास परंपरेने ना नाही, पण ती परत मिळाली पाहिजे. भाडेपट्ट्याचे मर्म हेच आहे. जमिनीची मालकी न हलवता तिचा उपयोग हलविता येतो.

उलट बाजूचा इशारा मुंबईकडून मिळतो. दक्षिण मुंबईतली ट्रकांची गर्दी हटविण्यासाठी वडाळ्याला ट्रक टर्मिनल योजले गेले. त्याच परिसरातल्या एका भूखंडासाठी २०१० मध्ये ४,०५३ कोटी रुपयांची बोली लागली आणि तेथे निवासी मनोरे उभे राहिले. नवी मुंबईत १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार आणि १९९६ मध्ये फळे व भाजीपाला यांचा बाजार मुंबईतून हलविला गेला. बाजारामागून ट्रक आले. पुढे वाशीच्या ट्रक टर्मिनलच्या जागेवर सिडकोची घरे उभी राहिली आणि २०२४ च्या गृहयोजनेत ती विक्रीस निघाली. घरे हवीतच. परंतु ट्रकचा तळ हा जमिनीचा सर्वांत कमी उत्पन्न देणारा वापर आहे, आणि जमिनीचा भाव चढला की तोच प्रथम उठतो. कर्नाटकाने या कामासाठी डी. देवराज अर्स ट्रक टर्मिनल्स ही स्वतंत्र सरकारी कंपनी काढली. यशवंतपूर येथे तिचे टर्मिनल आहे. मोठ्या शहराला अशा कायम व्यवस्थेची गरज असतेच. पण एका टर्मिनलने सारे शहर भागत नाही. वेशीवेशीवर एक-एक एकराचे, पाच-दहा वर्षांच्या पट्ट्यावरचे छोटे तळ असले, तर एक उठला तरी दुसरा उभा राहू शकतो.

समारोप

पुणे–बेंगळुरू महामार्गाच्या परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हा विषय पाहण्यासाठी उज्जैनला जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या गावाच्या वेशीवर रात्री दहा वाजता किती ट्रक रस्त्यावर उभे असतात, ते कोठून आले, किती तास थांबणार, चालक झोपला आहे की जागा, आणि जवळपास कोणती जागा पडून आहे, एवढी पाहणी एका वर्गाला आठवड्याभरात करता येईल. तिचा तक्ता करून नगरपालिकेपुढे ठेवला, तर कलम ११७ कागदावरून जमिनीवर येण्यास थोडी मदत होईल.

रामघाटावर पहाटे स्नान करणाऱ्याच्या हातातला नारळ आणि त्याच्या नैवेद्याचे तूप आदल्या रात्री कोणीतरी शहराच्या वेशीपर्यंत आणलेले असते. त्या माणसाने ती रात्र कशी काढली, हा प्रश्न शहराच्या व्यवस्थेचा आहे. एक एकर जमीन, चांगला मुरूम, एक फाटक, जागे राहणारे चार राखणदार आणि नीट लिहिलेला करार, एवढ्यावर त्याचे उत्तर देता येते.